खुराकाचा हिशेब



‘सेंद्रिय अन्न आणि बलसंवर्धन’ हा विषय घेऊन व्याख्यानमालेचे चालक माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा पत्ता चुकला असावा अशी मला शंका आली. या विषयावर एखाद्या वैद्याने बोलावे किंवा शेतकी कॉलेजातल्या प्राध्यापकाने बोलावे. माझे आयुष्य हमाल, वखारीतले कामगार आणि शेतमजूर यांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली, पुढचे वाचन सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण चालकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “काय खावे ते वैद्य सांगतील. ते पिकवले कुणी, खाल्ले कुणी आणि पैसे दिले कुणी, एवढे तुम्ही सांगा.” हा हिशेब मला मांडता येण्यासारखा आहे, म्हणून उभा राहिलो.

आजकाल जिकडेतिकडे एक गोष्ट कानी पडते. पूर्वी रासायनिक खत नव्हते, फवारणीचे औषध नव्हते. गुरे माळावर चरत, दूध अस्सल होते, धान्य शेणखतावरचे होते. म्हणून त्या काळची माणसे दणकट होती आणि आजची पोरे फुसकी निघाली. पुरावा म्हणून कोल्हापूरच्या पैलवानाकडे बोट दाखवले जाते. या गोष्टीत खरा भाग आहे आणि खोटा भागही आहे. दोन्ही निवडून वेगळे करायचे तर पैलवानापासूनच आरंभ केला पाहिजे, कारण तो आपल्या घरचा आहे.

आपले जयसिंगपूर हे गावच मुळी शाहू छत्रपतींनी वसवलेले. आपले जनक पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावाने १९१७ च्या सुमारास त्यांनी हे आखीव गाव उभे केले. आपण आजही घराचा पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो तो त्या आखणीमुळे. याच राजाने कुस्तीला कोल्हापूरची ओळख करून टाकले. १८९४ साली त्यांच्या हाती राज्याचा अधिकार आला. ते स्वतः कसलेले मल्ल होते. १९०२ साली विलायतेला गेले असता रोममधील जुनी प्रेक्षागृहे त्यांनी पाहिली आणि तसे मैदान आपल्याकडे व्हावे हे मनात धरले, असे सांगतात. १९०७ ते १९१२ या काळात खासबागेचे मैदान बांधून झाले आणि पहिल्याच दंगलीत गामाचा भाऊ इमामबक्ष लढला. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे तर आपल्या तोंडी आहेतच. पंजाबचे मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले, आणि त्यांच्याबरोबर खेळून आपल्या खेड्यांतली पोरे तयार झाली.

आता हे मल्ल खात काय होते? दूध, तूप, बदाम, मटण आणि त्याचे अळणी पाणी, भाकरी-चपाती, आणि तालमीतल्या कुंडीत घोटलेली थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी हे सारे रात्री भिजत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी तासभर घोटायचे. घोटणाऱ्याचा दंड तयार व्हावा हाही त्यातला एक हेतू असतो! तालमीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीलासुद्धा ताक, तेल, हळद आणि लिंबू पाजतात. मातीला जिथे ताक मिळते तिथे माणसाला किती मिळावे याची कल्पना करा. शेकडो जोर आणि बैठका मारणाऱ्या देहाला हे लागतेच. दुधातली आणि मांसातली प्रथिने स्नायूंची झीज भरून काढतात, तूप आणि बदाम इंधन पुरवतात. यात गूढ असे काही नाही.

पण हा खुराक दरबारातून येत होता, ही गोष्ट आपण विसरतो. खेड्यातला पोरगा तालमीत येई तो रिकाम्या हाताने. त्याच्या अंगात कस दिसला की त्याच्या दुधाची, तुपाची आणि बदामाची सोय राजाच्या खजिन्यातून होई. आणि खजिन्यात पैसा येई तो रयतेच्या शेतसाऱ्याचा. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या घरी म्हैस होती त्याने सारा भरला आणि त्यातून पैलवान दूध प्याला. त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरी काय राहत होते? लोणी कढवून तूप बाजारात जाई आणि घरात ताक राही. माझ्या आजीच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला विचारले असते तर तिने हेच सांगितले असते. मला यात शाहूराजांचा दोष काढायचा नाही. उलट, बळ ही एकेका घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू नव्हे, ती समाजाने मिळून पोसायची गोष्ट आहे, हे ज्याला उमगले असा राजा विरळा. १८९६-९७ च्या दुष्काळात याच राजाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती. तालमीतला खुराक आणि दुष्काळातले स्वस्त धान्य या दोन गोष्टी एकाच हातून झाल्या, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयाचा जमाखर्च तिथे संपला आणि खुराकाचा खर्च कुटुंबाच्या अंगावर आला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा वर्गणी गोळा करावी लागली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. पुढे साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन सुरू केले. कुंभी-कासारी आणि वारणा ही नावे कुस्तीगिरांना ठाऊक आहेत. कारखान्यांचा विषय पुढे पुन्हा निघणार आहे, कारण पैलवानाला मानधन देणाऱ्या उसानेच त्याच्या म्हशीची वैरण खाल्ली.

ती वैरण म्हणजे काय ते आधी पाहू. आज ‘गवतावर पोसलेल्या जनावराचे दूध’ असे लिहिलेल्या बाटल्या शहरांतून विकल्या जातात. आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला नाव देण्याची गरज पडली नव्हती. पश्चिमेकडे दाजीपूर, गगनबावडा, पन्हाळा या डोंगरपट्ट्यात गवळी धनगर म्हशी राखीत, आणि त्यांचे लोणी-तूप खाली बाजाराला येई. पावसाळा सरला की कुरणांतले गवत कापून त्याच्या गंजी रचल्या जात. आपल्या पूर्वेकडच्या शिरोळ-हातकणंगले भागात गवत कमी. इथे ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचा आणि भुईमुगाचा पाला, आणि गावोगावची गायराने. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस कट्ट्यावर आणायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दूध पेल्यात द्यायचे. यात भेसळीला जागा नाही, म्हणून पैलवानांचा त्यावर विश्वास. (धारोष्ण दुधाचे गोडवे गाणाऱ्यांची क्षमा मागून सांगतो, क्षय आणि माल्टाताप हे दोन्ही रोग कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात. दूध तापवूनच प्यावे. अस्सलपणा तापवल्याने जात नाही.)

येथवर ऐकून आपण म्हणाल, मग जुनी गोष्ट खरीच की! गवत होते, कडबा होता, शेणखत होते, पैलवान होते. पण आता दुसऱ्या बाजूचे एक पान उलटू.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली: खडी फोडा, रस्ते बांधा, तळी खणा. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे माप ठरवून दिले. दिवसाला १ पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसभरात ४५० ग्रॅम दाणा! तुरुंगातल्या कैद्याचे माप याहून मोठे होते. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी निषेध केला की एवढ्यावर काम करणारा देह टिकणार नाही. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे धाडली. या कामात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आघाडीवर होते. आणि मजुरांनी काय केले? मुंबई इलाख्यातल्या कामांवरचे हजारो मजूर कामे टाकून निघून गेले. आपल्याकडच्या संपाचा इतिहास गिरण्यांपासून सांगायचा प्रघात आहे. पण दख्खनच्या उपाशी मजुरांनी एका मापाविरुद्ध केलेला हा संप त्यापूर्वीचा आहे, आणि तो भाकरीच्या वजनावरून झाला.

तो १ पौंड दाणा कसा होता? रासायनिक खताचा त्याला कणही लागला नव्हता. फवारणीचे औषधही त्याला लागले नव्हते. आज मोठ्या शहरात दामदुप्पट भावाने विकतात त्याहून शुद्ध असे ते धान्य. आणि ते खाऊन माणसे मेली, कारण ते पोटभर नव्हते. तेव्हा ‘पूर्वीचे लोक सेंद्रिय खात म्हणून बलवान होते’ असे सरसकट विधान करणाऱ्याने खासबागेच्या मैदानाबरोबर १८७७ च्या खडीच्या ढिगाकडेही पाहावे. दोन्ही ठिकाणचे धान्य एकाच प्रकारच्या शेतात पिकलेले होते. फरक मापाचा होता.

आता शास्त्राकडे वळतो. इंग्रजी अमदानीत निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन नावाचे एक लष्करी डॉक्टर आहाराचे संशोधन करीत. त्यांनी उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचे जेवण घातले. शिखांचे जेवण खाणारे उंदीर वजनाने पहिले आले, पठाणांचे दुसरे, आणि मराठ्यांचे तिसरे. (तिसरा नंबर ऐकून कुणी नाराज होऊ नये, पहिल्यात आणि तिसऱ्यात अंतर थोडे होते.) सर्वांत खाली होते ते सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढलेले मद्रासी जेवणाचे उंदीर. शिखांच्या जेवणात होते काय? कोंड्यासकट गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, पालेभाजी, आणि अधूनमधून मांस. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी विलायतेतल्या गरीब कामगाराचे जेवणही एका गटाला घातले: पांढरा पाव, कृत्रिम लोणी, गोड चहा, डब्यातले मांस. ते उंदीर खुरटले, आजारी पडले, आणि अखेर एकमेकांवर तुटून पडू लागले. ज्या देशाचे राज्य आपल्यावर होते त्याच देशाच्या कामगाराचे हे ताट. हा प्रयोग मी प्रथम वाचला तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून गेला नव्हता.

याच मॅक्‌कॅरिसनने १९२६ साली बाजरीसारखी धान्ये शेणखतावर आणि रासायनिक खतावर वेगवेगळी वाढवून त्यांचा कस तपासला, आणि शेणखताचे धान्य सरस ठरले. सेंद्रिय शेतीची मंडळी हा दाखला देतात तो खरा आहे. मात्र पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत एवढा ठळक फरक दरवेळी आढळला नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. अलीकडचे सांगायचे तर, २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाहणीत सेंद्रिय मालात औषधाचे अवशेष कमी आढळले, पण पोषणात मोठा फरक दिसला नाही. २०१६ साली इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाने दुधाबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा सेंद्रिय दुधात ‘ओमेगा-३’ नावाची हितकर स्निग्धाम्ले सुमारे दीडपट निघाली. कारण ती जनावरे गवत अधिक खातात. पण दुधात ही स्निग्धाम्ले मुळातच थोडी असतात. थोड्याचे दीडपट थोडेच. तेव्हा गवताचे दूध चांगले, यात शंका नाही. पण ज्या मुलाला दूधच मिळत नाही त्याच्यापुढे गवताचे की पेंडीचे हा वाद मांडणे म्हणजे थट्टाच होय.

या सर्व मंडळींत मला सर्वांत जवळचा वाटतो तो अल्बर्ट हॉवर्ड. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांचा हा आद्यगुरू. पण त्याची शाळा भरली ती होळकरांच्या इंदुरात, आणि तिथे त्याचा सहकारी होता यशवंत वाड नावाचा रसायनशास्त्र जाणणारा माणूस. १९२४ ते १९३१ या काळात हॉवर्ड इंदूरच्या संस्थेत होता. पालापाचोळा, कापसाच्या पळकाट्या, शेण, मूत आणि माती यांचे थर लावून, ते ठराविक दिवसांनी उलथून, काही महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्या दोघांनी बसवली. इंदूर पद्धत या नावाने ती सगळ्या जगात गेली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत. हॉवर्डचे नाव जगाला पाठ झाले; वाडांचे नाव आपल्याला तरी माहीत असावे की नाही? आपण माणसे विसरण्यात पटाईत. हॉवर्ड स्वतः मात्र सांगे की हिंदुस्थानचा शेतकरी आणि पिकांवरची कीड हे आपले गुरू आहेत.

आणखी एक गोष्ट त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत. इंदूरच्या त्या शेतावर मजूर टिकेनात, कारण शहरात गिरण्या होत्या आणि तिथे मजुरी बरी मिळे. तेव्हा हॉवर्डने मजुरांचा प्रश्न खताच्या प्रश्नाइतकाच गंभीर मानला. मजुरी ठरल्या दिवशी, न चुकता, कामाचे तास कमी आणि मध्ये विश्रांती, राहायला नीट घरे, आजारपणात औषध. खत उलथणाऱ्या माणसाच्या अंगात बळ नसेल तर खत उलथले जाणार नाही, इतका साधा हिशेब त्याने केला होता. सेंद्रिय शेतीच्या पहिल्या शाळेचा हा धडा आज वर्गात शिकवला जात नाही.

आपल्याच जिल्ह्यात श्री. अ. दाभोळकर होऊन गेले. गणिताचा हा प्राध्यापक गारगोटीच्या मौनी विद्यापीठात होता. १९६६ साली त्याने प्रयोग परिवार सुरू केला. सूर्यप्रकाश, पाने, पाणी यांचा हिशेब करून १० गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने जगू शकेल असे तो मांडी, आणि तासगावकडच्या द्राक्षबागाइतदारांनी त्याचे ऐकून द्राक्षे पिकवली. त्याचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. अवघड आहे, पण नेटाने वाचले की कळते. मला कळले म्हणजे कुणालाही कळेल.

आता उसाकडे येतो. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले, पाठोपाठ गव्हा-भाताची नवी वाणे आली. त्यांनी धान्य वाढवले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर धान्य वाढवण्याची गरज काय होती ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी यांची चव त्यांच्या जिभेवर अजून असेल. म्हणून रासायनिक खताला शिव्या देताना मी जपून देतो. पण संकरित ज्वारी बुटकी. तिचा कडबा कमी. मग पाणी आले, ऊस आला, आणि आपल्या भागातून ज्वारीच हटली. कडबा गेला, त्याची जागा उसाच्या वाढ्यांनी घेतली. तोडणीच्या हंगामात वाढ्यांचे भारे विकायला बसलेल्या बाया आपण रस्त्याच्या कडेला रोज पाहतो. वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते, ते जनावराच्या अंगातला चुना बांधून ठेवते. म्हणून जाणते लोक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपायला सांगतात. म्हैस तीच, कट्टा तोच, पण तिच्या पोटात गेलेली वैरण निराळी. आणि नदीकाठच्या आपल्या काळ्या रानांत पाणी आणि खत यांचा अतिरेक होऊन क्षार वर आले. शिरोळ तालुक्यात पांढरी पडलेली, काही न पिकणारी रानेच्या राने तयार झाली. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते क्षार निचऱ्याने काढण्याचे काम चालले आहे. चांगले काम आहे. पण त्याचा खर्च बघितला की शेणखत स्वस्त होते असे वाटते.

गुळाची गोष्ट याहून बोलकी आहे. शाहूपुरीची गुळाची पेठ १८९५ साली वसली. गुऱ्हाळात पूर्वी रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढीत. मग बाजाराने ठरवले की पिवळाधमक गूळ चांगला. अडत्याच्या डोळ्याला पिवळे दिसले की दर चढे, काळसर दिसले की दर पडे. म्हणून गुऱ्हाळवाल्याने हायड्रॉस पावडर घालायला सुरुवात केली. आज तोच काळसर गूळ ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लावून पिवळ्या गुळाहून महाग विकला जातो. ज्या रंगासाठी शेतकऱ्याला चार आणे कमी मिळत होते, त्याच रंगाला आज शहरातले गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. गुळाच्या रव्याचे वजन मात्र हमालाच्या पाठीवर दोन्ही वेळा सारखेच.

पण या विषयात जी गोष्ट मला खरोखर झोप येऊ देत नाही ती खाणाऱ्याच्या ताटातली नाही, फवारणाऱ्याच्या श्वासातली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो इस्पितळात गेले. काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, पंप पाठीवर, नाकाला फडके, औषध कोणते आणि किती याची चिठ्ठी परक्या भाषेत. आपण वांगे मिठाच्या पाण्यात धुतो आणि त्यावर विष किती उरले याची चौकशी करतो. ते योग्यच आहे. पण उरलेले आपल्या वाट्याला येते, मुख्य मात्रा त्याच्या वाट्याला जाते. ज्याने बाटली फोडली त्याच्या नाकातोंडात किती गेले, हे कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते? सेंद्रिय शेतीचा मी पक्षपाती आहे तो प्रथम या कारणासाठी, जीवनसत्त्वांसाठी नंतर.

उलट बाजूही सांगतो. २०२१ साली श्रीलंकेच्या सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली. तयारी नाही, पुरेसे शेणखत नाही. भाताचे पीक कोसळले, चहाचे उतरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला. भात महागला, आणि उपाशी कोण राहिले ते सांगायला नको. जमीन रसायनांवरून शेणखतावर आणायला प्रमाणपत्राच्या नियमांनीसुद्धा दोन-तीन वर्षे धरली आहेत. त्या वर्षांत उत्पन्न घटते आणि चढा दर अजून मिळत नसतो. ही दोन-तीन वर्षे अल्पभूधारकाने खायचे काय? जो भार शाहूराजांच्या काळी खजिन्याने उचलला तसा हा भार कुणी उचलायचा, हा प्रश्न आहे.

तसेच ताटाचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने द्यावे असे लिहिले होते. आता रेशनचे धान्य फुकट झाले आहे, पण दुकानात बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच येतो. २०२३ हे जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि इकडे ज्वारी गव्हाहून महाग झाली. ज्या भाकरीला गरिबाचे अन्न म्हणून नाके मुरडली जात, ती आता हॉटेलात मानाने वाढली जाते आणि मजुराच्या डब्यात चपाती आणि बटाटा दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र काढले, ते हमालाला पोटभर, ताजे आणि परवडेल असे जेवण मिळावे म्हणून. ना नफा, ना चिठ्ठी. खुराकाच्या इतिहासात मी खासबागेच्या शेजारी त्या केंद्राचे नाव लिहीन.

शेवटी एक अलीकडची हकीकत. आपल्या तालुक्यात एका बागाइतदाराने काही एकर भाजीपाला सेंद्रिय केला आहे. माल पुण्याला जातो, दर चांगला मिळतो. तणनाशक बंद झाले, त्यामुळे भांगलणीला बायांचे टोळके पुन्हा लागू लागले. काम वाढले म्हणून आम्हांला आनंद झाला. मी मळ्यावर गेलो तेव्हा त्यांतल्या एका वयस्क बाईने खुरपे खाली ठेवले आणि म्हणाली, “अण्णा, औषध मारत न्हाईत त्ये लई ब्येस झालं, डोळं झोंबायचं थांबलं. पर कंबर आमचीच मोडतीया. मालाला चढा दर मिळतोय म्हणं. मग भांगलणीला जुनाच रोज का?” मी मालकाकडे पाहिले. तो सज्जन माणूस आहे. म्हणाला, प्रमाणपत्राचा खर्च आहे, गाडीभाडे आहे, बघू. आमचे बोलणे अजून चालू आहे. निघताना त्या बाईंनी डबा उघडला होता. शेजारच्या वाफ्यात मेथी डोलत होती आणि डब्यात आदल्या रात्रीचा भात होता, वर चटणी.